साहेबाची गुरगुर

खट्.

दुपारच्या शांततेत स्वयंपाकघराची कडी वाजली आणि शर्टाची काजं करता करता तिची सुई जागच्या जागी थांबली. मुलगी आत झोपली आहे असं ती धरून चालली होती. पाच वर्षांची पोर स्टूल ओढून, त्यावर चढून कडीपर्यंत पोचेल, हे त्या घरात कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं.

"ठके, दार नको..."

पुढचं तोंडातच राहिलं. उघड्या दारातून साहेब बाहेर आला. थोराड, तोंडावरचे केस पांढरे झालेला. तो भुंकला नाही, गुरगुरलाही नाही. कामाला निघाल्यासारखा सरळ चालत गेला आणि खिडकीखाली पसरलेल्या दुसऱ्या कुत्र्याच्या, टिकल्याच्या मानेत त्याने दात रोवले.

सहा महिन्यांतली ही पाचवी वेळ. पहिल्या भांडणापासूनच घराची वाटणी झाली होती. सकाळी टिकल्या स्वयंपाकघरात, साहेब बाहेर, दुपारी उलट. जेवण वेगळं, फिरणं वेगळं, आणि मध्ये ती कडी. भांडण लागलं तर मध्ये हात घालायचा नाही, एकाने एकाचे मागचे पाय धरून मागे ओढायचं, दुसऱ्याने दुसऱ्याचे, असं जनावरांच्या डॉक्टरांनी फोनवर सांगितलं होतं.

"आणि घरात मी एकटीच असले तर?" तिने विचारलं होतं.

"मग मुलीला उचला आणि बाजूला व्हा."

तिने मुलीला उचललं. मोकळ्या हाताने बादलीभर पाणी फेकलं, चादर फेकली, शेवटी टेलरकडून आणलेले शर्ट गठ्ठ्यानेच फेकले. काही उपयोग झाला नाही. कडेवरची ठकी रडत नव्हती, तिने आईचा कान मुठीत घट्ट धरून ठेवला होता. आपल्याच घरात, भिंतीला पाठ लावून, दोघांपैकी कुणीतरी दमायची वाट बघत ती उभी राहिली.

सुरू झालं तसंच ते आपोआप थांबलं. टिकल्या फरफटत पलंगाखाली गेला. आणि साहेब, मागचा एक पाय उचलून धरत, स्वयंपाकघरात गेला आणि दाराकडे तोंड करून बसला. कडी लावायची वाट बघत.

"मला वाटलं त्याला एकट्याला कंटाळा आलाय," ठकी कानाशी म्हणाली.

संध्याकाळी टिकल्याला चादरीत गुंडाळून ती त्याला आणि ठकीला दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टर टाके घालत होते. तिच्या शिवणाच्या डोळ्यांना टाके जरा सैल वाटले, पण बोलायची ती वेळ नव्हती.

"दुसरा आधी गुरगुरत नाही का?" त्यांनी विचारलं. "तुम्हाला थोडा तरी वेळ मिळायला हवा."

"छे हो, साहेब कधीच गुरगुरत नाही. शहाणा आहे." बोलता बोलता तिचा आवाज जरा मऊ झाला. "ही तान्ही होती ना, झोपेची फार हलकी. हिने कूस बदलली तरी हा गुरगुरायचा, की ही दचकून उठायची. मग मीच सवय लावली. गुरगुरला की नाकावर एक चापट आणि 'चूप'. महिन्याभरात शिकला. तेवढीच तासभर माझीही पाठ टेकायची."

डॉक्टरांचा हात थांबला.

"बाई, ते सांगणं असतं त्याचं. मला हे सोसवत नाही, जरा लांब राहा, असं. त्याला सोसायला कुणी शिकवलं नाही. फक्त सांगायचं बंद झालं."

"आता परत शिकवता येईल?"

डॉक्टरांनी दोरा कापला. ठकीकडे एकदा पाहिलं. "घरात मूल आहे," एवढंच म्हणाले.

नवऱ्याला हे सांगताना तिने चापटीचं काही लपवलं नाही. साहेब लग्नाआधीपासून त्याच्याजवळ होता. 'या घरात साहेबाची नोकरी तुझ्यापेक्षा जुनी आहे' असं तो तिला चिडवायचा. ऐकून त्याने बहिणीला फोन लावला.

रविवारी नणंद गाडी घेऊन आली. एकटी राहणारी, मोठ्या अंगणाची, तोंडाने फटकळ.

"चल रे मेल्या. माझ्याकडे भांडायला फक्त भिंती आहेत. त्यांनाही मीच पुरून उरलेय." मग हिच्याकडे वळून हळूच, "काय काय लागतं गं याला?"

"विजा कडाडल्या की पलंगाखाली जातो, ताई. ओढून काढायचं नाही, आपण होऊन येतो. आणि..." तिला पुढे आठवेना. आठवत होतं ते सांगण्यासारखं नव्हतं.

नवरा टायरमधली हवा बघत होता. हवा ठीक होती, तरी चारही टायर त्याने पाहिले.

साहेबाला सीटवर चढवताना तिचा हात त्याच्या दुखऱ्या पायाला लागला. त्याचा ओठ थरथरून वर गेला, दात दिसले. आवाज नाही. ती वाकली, कुणाला ऐकू जाऊ नये अशा आवाजात म्हणाली, "गुरगुर ना रे. एकदा गुरगुर." आणि त्याच्या डोक्यावरून फिरवायला तिने हात पुढे केला.

साहेबाने ओठ मिटले. डोळेही मिटले आणि नाक पुढे करून तो चापटीची वाट बघत राहिला.

गाडी गेली. दिवसभर कडी उघडीच होती. टिकल्या दोनदा स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत गेला, हुंगून परत आला. डाग काढलेले शर्ट मांडीवर घेऊन ती दोरा ओवायला बसली. ठकी येऊन तिच्या गुडघ्याला टेकली.

"आई, साहेबाला जायचं नव्हतं ना?"

"नव्हतं गं."

"मग तो काही म्हणाला का नाही?"