झालेली कामं

“बाबा, इथं काहीच नाहीये,” मुलगी म्हणाली आणि तिनं माझा फोन माझ्यापुढे धरला.

मी चष्मा पुसला. वर ‘झालेली कामं’ असं लिहिलं होतं आणि खाली नुसतं पांढरं.

“नीट बघ. त्रेचाळीस होती. एक राहिलंय, म्हणजे बेचाळीस असतील.”

“राहिलेलं एक दिसतंय. झालेली नाहीत.”

“नाहीत म्हणजे? मी एकेक करून टिक केलीत.”

ती कुठल्यातरी चौकटीत शिरली आणि वाचू लागली. वाचता वाचता तिचा आवाज बारीक झाला. मोफत खात्यात झालेली कामं तीस दिवस राहतात, मग आपोआप पुसली जातात. कायमची ठेवायची असतील तर वर्गणी भरा.

मी शेवटची टिक केली त्याला दोन महिने झाले होते.

बायकोला जाऊन आठ महिने झाले. त्याआधी वर्षभर घरातली सगळी कामं ती त्या ॲपला सांगायची. ते ॲप मुलीनंच आमच्या दोघांच्या फोनमध्ये घालून दिलं होतं. मी शिलाई मशिनं दुरुस्त करतो. हिनं ओट्याशी उभं राहून बोलायचं, आणि मी कुठल्यातरी कारखान्यात मशीन उलटं करून बसलेला असताना ते माझ्या खिशातल्या फोनवर उमटायचं. फुकट आहे असं मुलगी म्हणाली, तेव्हा “फुकटचं ते पौष्टिक,” म्हणून ही हसली होती.

साधी यादी तिला जमायचीच नाही. ‘बेसिनचा नळ’ एवढ्यावर ती थांबत नसे. ‘बेसिनचा नळ. मी तीनदा सांगितलं. चौथ्यांदा हा फोन सांगेल.’ ‘तुमचे तीन बनियन फडकी म्हणून काढलेत. नवे आणा. कुठं गेले म्हणून घर डोक्यावर घेऊ नका.’ ‘खालच्या काकूंची छत्री परत द्या, आणि जरा हसून द्या.’

ती गेली तेव्हा अशी त्रेचाळीस कामं पडून होती. मी ती करायला घेतली. पहिलंच होतं, ‘माझे रिपोर्ट आणा.’ ती गेल्यावर चौथ्या दिवशी मी लॅबमधून पाकीट आणलं, न उघडता कपाटात ठेवलं आणि टिक केली. फोनवर रंगीत कागदाचे कपटे उडाले. ‘शाब्बास! आज तुम्ही एक काम मार्गी लावलंत!’

तेव्हाच तो फोन भिंतीवर आपटायला हवा होता. आपटला नाही, कारण तिची यादी त्यात होती.

आमच्या दुकानात प्रत्येक मशिनाला चिठ्ठी बांधलेली असते. काम झालं की ती सोडायची आणि भिंतीवरच्या तारेत खोवायची. फेकायची नाही. दहा वर्षांनी गिऱ्हाईक आलं तरी त्याच्या मशिनाला काय झालं होतं ते तारेवर सापडतं. राहिलेलं काम समोर दिसतच असतं. जपायचं ते झालेलं. मला वाटलं, टिक म्हणजे तेच. सगळी कामं संपली की यादी उघडायची आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत सावकाश वाचायची, असं ठरवून मी मध्ये एकदाही डोकावलो नाही. आता एकच उरलं म्हणून, छापून घ्यायला, मुलीला बोलावलं होतं.

“त्यांना विचार,” मी म्हणालो. “कुठंतरी असणार.”

तिनं लिहिलं. लगेच उत्तर आलं: ‘नमस्कार! तुमची अडचण आम्हाला समजली. नवीन यादी बनवायची आहे का?’

“हा माणूस आहे का?”

“नाही बाबा, मशीन आहे.”

“चाळीस वर्षं मशिनांबरोबर काढली. एकही इतकं खोटं बोललं नाही.”

अर्ध्या तासानं खऱ्या माणसाचं उत्तर आलं. एकदा पुसलेलं आमच्याकडेही राहत नाही, हे अटींमध्ये स्पष्ट लिहिलेलं आहे, आपल्या दुःखात आम्ही सहभागी आहोत. त्याखाली लगेच: ‘आमची सेवा कशी वाटली? पाचपैकी किती गुण द्याल?’

माझं डोकं फिरलं. त्या माणसाला धरायला हात पोचत नव्हता. समोर मुलगी होती.

“तूच घातलंस ते फोनमध्ये. तुला वाचता येत नव्हतं काय लिहिलंय ते?”

“हो, मीच घातलं.” तिनं फोन खाली ठेवला. “का घातलं ते विचारा ना. आई मला दिवसातून आठ वेळा फोन करायची. बाबांना हे सांग, बाबांना ते सांग. तुम्ही तिचा फोनच घ्यायचा नाहीत.”

“मशीन चालू असताना ऐकू येत नाही.”

“जेवणाच्या सुट्टीत येत असेल की.”

मी तो फोन पालथा घातला.

थोड्या वेळानं तिनं पिशवीतून वही काढली. “सांगा. आठवतील तेवढी लिहून काढू.”

नळाचं सांगितलं. “ ‘तीनदा’ नाही, आई ‘तीन वेळा’ म्हणायची,” ती म्हणाली. मी म्हणालो, “मला म्हणताना तीनदाच म्हणायची.” तिनं माझ्याकडे पाहिलं आणि ‘तीनदा’ लिहिलं. अशी अकरा झाली. मग गाडी अडली. जिन्यातला बल्ब, गादीची खोळ, गळका डबा. मी काय काय केलं ते सगळं आठवत होतं. पण बल्ब बदलायला सांगताना तिनं मला काय सुनावलं होतं, ते गेलं होतं. बल्ब आहे. अजून जळतोय.

“राहिलेलं वाच,” मी म्हणालो.

तिनं वाचलं: ‘गॅलरीचं दार. जगाच्या मशिनांना तेल घालता, यानं काय पाप केलंय?’ त्याखाली लाल अक्षरात होतं, ‘मुदत उलटून २४१ दिवस.’

“याचा फोटो काढून ठेवते. आणि बाबा, हे करू नका. करकरू दे दार.”

“का करकरू दे? तिनं सांगितलंय ना.”

“मग टिक करावी लागेल.”

“टिक त्यांच्या बापाला करू दे.”

मी उठलो, कामाच्या पेटीतून तेलाची कुपी आणली. बिजागऱ्या गंजल्या होत्या. खिळे ठोकून वर काढले, काचकागदानं घासले, तेल सोडलं, परत बसवले. दार चार-पाच वेळा उघडझाप केलं. मुलगी त्याच दारानं बाहेर गेली आणि माझ्याकडे पाठ करून कठड्याशी उभी राहिली. मी बेसिनवर हात धुवायला गेलो. तेल सहज निघत नाही, साबण दोनदा लावावा लागतो.

नळ बंद करून वळलो, तर ती माझ्या मागे टॉवेल घेऊन उभी होती.

“केव्हा आलीस आत?”

“मघाशीच,” ती म्हणाली.