केवळरामचा दुपट्टा

"ऊठ! ज्योत्स्ना, ऊठ नं बेटा!"

केवळराम दोन्ही हातांनी जाळी धरून ओरडत होता. आत त्याची पोर ज्योत्स्ना पाठीवर पडली होती आणि तुमसरची टीना तिच्या अंगावर चढून ठोसे घालत होती. पंच नुसता वाकून बघत होता. आकडे मोजत नव्हता, की टीनाला बाजूला करत नव्हता. मग हा मेला उभा कशाला आहे, हेच केवळरामला कळेना.

साकोलीला हायवेवर त्याचं पंक्चरचं दुकान. दुकानामागच्या चिंचेला जुनं टायर टांगून त्याने पोरीला बॉक्सिंग शिकवलं होतं. स्वतःही एकेकाळी जिल्ह्यात खेळलेला गडी. समोरचा पडला की आपण कोपऱ्यात जायचं, पडलेल्याला बोटही लावायचं नाही, हे त्याच्या हाडीमाशी खिळलेलं. वर्षभरापूर्वी पोरीने एमएमएचं, म्हणजे ठोसे आणि कुस्ती एकत्र असलेल्या खेळाचं, खूळ घेतलं आणि त्याची झोप उडाली.

"पडलेल्याले मारते, तो कायचा खेळ व?"

"बाबा, इथं पडणं म्हणजे हारणं नाही. खालूनबी जिंकता येते," ती समजवायची. त्याला ते पटायचं नाही.

आज भंडाऱ्यात राज्याच्या संघाची निवड होती. कोपऱ्यात उभं राहायला दुसरं कोणी नाही, म्हणून तिने बापालाच आणलं. पंचाने आधीच बजावलं होतं, की कोपऱ्यातून टॉवेल आत पडला तर हार त्या कोपऱ्याची. केवळरामच्या खांद्यावर नेहमीचा दुपट्टा होता, तोच चालेल, असं पंच म्हणाला.

ज्योत्स्नाच्या नाकातून रक्त आलं. तिने पाय उचलून टीनाच्या मानेवर टाकला, तिचं मनगट छातीशी ओढलं आणि कंबर उचलली. केवळरामला दिसलं एवढंच, की पोर तडफडते आहे. त्याने दुपट्टा खांद्यावरून ओढला आणि जाळीवरून आत फेकला.

पंचाने दोघींना सोडवलं आणि टीनाचा डावा हात वर केला. उजवा तिने पोटाशी धरला होता.

बाहेर नळावर ज्योत्स्ना बापाकडे न बघता नाक धूत होती. तेवढ्यात टीना आली, कोपराला बर्फ बांधून. तिने वाकून केवळरामच्या पायाला हात लावला.

"काका, तुमी माया हात वाचवला. मोडतच होता. तुमी फेकलं नसतं, तर मीच हार मानली असती."

केवळरामला आधी काही उमजलं नाही. उमजलं तेव्हा धरणीने पोटात घ्यावं असं त्याला झालं. पोर जिंकत होती. तिला हरवलं ते बापाने.

साकोलीपर्यंत बसमध्ये ती खिडकीकडे तोंड करून बसली. चार शिव्या घातल्या असत्या, तरी त्याला बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो एका ट्यूबला ठिगळ लावत होता, तर ती समोर येऊन उभी राहिली.

"या मागं."

चिंचेखाली पोती अंथरली होती.

"पडा."

"मी?"

"पडा म्हणते नं. पाठीवर."

उभ्या आयुष्यात केवळराम रिंगमध्ये पडला नव्हता. त्याने दुपट्टा काढून टायरवर टाकला, गुडघे धरत खाली बसला आणि आडवा झाला. ज्योत्स्ना त्याच्यावर वाकली. तिचं नाक अजून सुजलेलं होतं. तिने आपलं मनगट त्याच्या हातात दिलं.

"पुढच्या टाइमले कोपऱ्यात तुमीच राहाल. म्हणून शिकून घ्या. भेव वाटते?"

"वाटते," केवळराम म्हणाला.

"वाटू द्या. मनगट सोडू नका."

त्याने ते दोन्ही हातांनी छातीशी धरलं.