भुईगावला पोचायला उशीर झाला

मी सॅन्टन मास्तरांची सायकल. पापडी गावात त्यांच्या पडवीत भिंतीला टेकून उभी असते. माझी घंटा कधीच गेली, सीट दोनदा बदलली. पण मास्तरांनी मला भंगारात दिलं नाही. त्यांच्या मनातलं माझ्याइतकं कोणाला ठाऊक नसेल, म्हणून बोलतेय.

मास्तरांना शाळेत नोकरी लागली, तेव्हा त्यांचे थोरले भाऊ ऑस्कर मला घेऊन आले. "मास्तर झालास ना आता, पायी कशाला जातोस?" म्हणाले. ऑस्कर भुईगावला राहायचे. स्वतः शाळा सोडून त्यांनी वाडी सांभाळली होती आणि धाकट्याला शिकवलं होतं.

मास्तर तापट. वर्षभरात दोन-चार जणांशी तरी वाजायचंच. पण ईस्टरआधीच्या उपवासकाळात कुमसाराला, म्हणजे फादरांपुढे पाप कबूल करायला, जाण्याआधी ते मला बाहेर काढायचे. ज्याला ज्याला दुखावलं असेल त्याच्या दारात मला उभी करायचे. त्यांची बायको कॅथरिन हसायची. मास्तर म्हणायचे, "माणसाकडे जाऊन आलो नाही, तर फादरांकडे काय तोंड घेऊन जाऊ?"

मग कॅथरिन आजारी पडली. मास्तरांनी नोव्हेना, म्हणजे नऊ दिवसांची प्रार्थना, केली, कडक उपास केले. ती गेलीच.

तिला जाऊन महिना झाला, त्या दिवशी चर्चमध्ये तिच्यासाठी झालेल्या मिस्सानंतर, म्हणजे प्रार्थनेनंतर, घरी माणसं जमली होती. ऑस्करनी मास्तरांच्या खांद्यावर हात ठेवला. "देवाची इच्छा, सॅन्टन."

मास्तरांनी हात झटकला. "तुझी बायको घरी तुझी वाट बघतेय, म्हणून तुला देवाची इच्छा कळते. पुन्हा माझ्या दारात येऊ नकोस."

ऑस्करनी चपला घातल्या आणि ते निघून गेले. त्यानंतर मास्तर कधी चर्चला गेले नाहीत.

माणूस वाईट झाला असं मी म्हणणार नाही. खोटं बोलले नाहीत, कोणाला लुबाडलं नाही. उलट दर शनिवारी मला घेऊन पाड्यावरच्या मुलांना शिकवायला जायला लागले. पूर्वी चांगलं काही केलं की वर बघायचे. आता वर कोणी नाही असं मानूनही करायचे. मला त्यांचा अभिमान वाटायचा.

पण त्यांना वाकायला लावणारं कोणी उरलं नाही. उपवासकाळ यायचा, जायचा, आणि मला घेऊन ते कोणाच्याच दारात गेले नाहीत. ऑस्करची मुलगी स्टेफी एकदा सांगायला आली. "काका, पप्पा सारखं विचारतात. एकदा या ना."

"मला वाटलं ते मी बोललो, स्टेफी. त्यात खोटं काय होतं?"

ती गेल्यावर ते माझ्याजवळ आले. हँडलवर हात ठेवून बराच वेळ उभे राहिले आणि आत गेले. अशी सहा वर्षं गेली.

यंदा स्टेफीचा फोन आला. पप्पा माणसं विसरायला लागलेत, म्हणाली. मास्तरांनी त्याच सकाळी माझ्या चाकांत हवा भरली. भुईगावच्या अरुंद गल्लीत धाप लागून दोनदा उतरले.

ऑस्कर ओट्यावर बसले होते. "या, बसा," म्हणाले, परक्या माणसाला म्हणावं तसं.

"दादा, मी सॅन्टन. मी चुकलो रे."

ऑस्कर समजुतीने हसले. "सॅन्टन माझा धाकटा. पापडीला मास्तर आहे. हल्ली येत नाही. तुम्हाला भेटला तर एवढं सांगा, ऑस्कर रागावलेला नाही म्हणावं."

मास्तरांनी मान हलवली. "सांगतो."

परतताना ते माझ्यावर बसले नाहीत. हाताने ढकलत, थांबत थांबत घरी आले.

आता दर रविवारी, गाव मिस्साला जातं तेव्हा, आम्ही दोघं भुईगावला जातो. मास्तरांचा विश्वास परत आलेला नाही, आणि येईल असंही मला वाटत नाही. ऑस्कर दरवेळी तोच निरोप देतात आणि मास्तर दरवेळी "सांगतो" म्हणतात.

माझी चाकं आता फार दिवस चालायची नाहीत. जाता जाता एकच मागणं आहे. देवाला मानायचं की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा. पण ज्याच्या दारात जायचं राहिलंय, तो तुम्हाला ओळखतोय तोवर जा.