जाईबाईंच्या खिडकीसमोरची पपई

आमच्या चाळीमागे गटाराच्या कडेला पपईचं झाड आहे. ते माझं आहे. आपोआप नाही उगवलं, मी लावलंय. नववी मी मधेच सोडली, मग शिवणक्लास सोडला, मग पार्लरचं काम सोडलं, कारण मॅडम सारखी 'ए लडकी' करायची आणि मला नाव आहे, सोनू. मम्मी म्हणते, तुझ्या हातून एक गोष्ट पुरी होत नाही. हे झाड झालंय ना पुरं! पत्र्याच्या वर गेलंय, गळ्याभोवती हिरव्या पपया लटकल्यात.

आणि शेजारच्या जाईबाईंना ते तोडायचं होतं. त्यांची सून, मृणालिनी वहिनी, पोटुशी. झाड बरोबर त्यांच्या खिडकीसमोर.

"गरोदर बाईला पपईचं वारंसुद्धा लागू नये," जाईबाई म्हणाल्या.

"वारं काय वहिनीला पपई भरवणार आहे का, मावशी?"

"उष्ण असतं ते! तुला काय कळतंय, शाळा सोडलेली!"

"शाळेत पपईचं वारं नाही शिकवत. आणि तुमच्या पायाच्या भोवरीला चीक कुठला लावला होता? आंब्याचा?"

"भोवरी माझी आहे. पोट सुनेचं आहे."

भांडण पीटर अंकलकडे गेलं. ते मूळचे उत्तनचे, आता आमच्या चाळीचे अध्यक्ष. अध्यक्ष का, तर कोयता फक्त त्यांच्याकडे आहे. ते बोंबील खात होते. काटे काढता काढता निकाल दिला, "बाय पोटुशी हाय, रिस्क न्हाय घ्यायची. रविवारी चर्चातून, मिस्साहून आलो का तोडतो. जाईबाय स्वतः 'नको' बोलली, तरच न्हाय तोडणार."

जाईबाई कशाला 'नको' बोलतायत! त्याच दिवशी त्यांनी खिडकी बंद केली आणि फटीत वर्तमानपत्र कोंबलं. वहिनी आत उकडत बसली.

मग केरबादादाला ताप आला. केरबादादा म्हणजे जाईबाईंचा मुलगा, स्टीलच्या भांड्यांच्या गाळ्यात पॉलिशला आहे. केबिन रोडच्या डॉक्टरने रक्त तपासलं, डेंग्यू निघाला. डॉक्टर म्हणाला, आराम करा, भरपूर पाणी प्या, रोज रक्त तपासा, प्लेटलेट खाली गेले तर ॲडमिट व्हावं लागेल. चाळीत मग प्रत्येकजण डॉक्टर झाला. कोणी किवी सांगितलं, कोणी बकरीचं दूध. पपईच्या पानांचा रस मात्र सगळ्यांनीच सांगितला. जाईबाई पदराने घाम पुसत ऐकत होत्या.

दुसऱ्या दिवशी माझ्या झाडाची पानं कमी झाली.

माझी पानं मी ओळखते. देठ सुरीने कापलेले, पांढरा चीक अजून ठिबकत होता. म्हणजे चोर चाळीतलाच. माझं डोकंच फिरलं. दुपारी सगळे जेवून आडवे झाले तशी मी पाण्याच्या ड्रममागे जाऊन बसले. थोड्या वेळाने चोर आला. खेकड्यासारखा तिरका तिरका चालत, नाकातोंडाला ओला फडका बांधून. झाडाचं वारं लागू नये म्हणून!

"मावशी, मास्क कोरोनाचा का पपईचा?"

जाईबाईंच्या हातातली सुरी गटारात पडली.

"ओरडू नको ग बाई. केरबाचे प्लेटलेट उतरलेत आज." डोळे भरले त्यांचे. माझ्या तोंडात चांगली मोठी शिवी तयार होती, ती तशीच राहिली.

"रस काढता कुठे? घरात तर वहिनी."

"नळावर वाटते, दगडाने. केरबा संडासामागे उभा राहून पितो."

"शी! आमच्याकडे आणा. मिक्सर आहे. पण रविवारी पीटर अंकलला सांगायचं, झाड तोडू नका."

"ते नाही जमायचं. पोटातल्या बाळाचा प्रश्न आहे. सगळी पानं आधी काढून घेऊ. तुझ्या फ्रीजमध्ये ठेव."

"झाड माझं तोडणार आणि पानं माझ्याच फ्रीजमध्ये?"

मी इतकी किंचाळले की पत्र्यावरचे कावळे उडाले. तरी रस दिला. केरबादादाचं तोंड राखेसारखं झालं होतं, काय करणार! तो नाक दाबून प्यायचा आणि दर वेळी म्हणायचा, "सोनू, डेंग्यू परवडला."

रविवारी पीटर अंकल चर्चच्या पांढऱ्या शर्टातच कोयता घेऊन आले. चाळ गोळा झाली. मी झाडाला पाठ लावून उभी.

"हट गो बाय."

"नाही हटत. आधी मला तोडा."

"तुझ्यासाठी कोयता लहान पडंल," अंकल म्हणाले. सगळे हसले. "जाईबाय, तू बोल. तोडू का न्हाय?"

जाईबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. तेवढ्यात आमच्या दारातून केरबादादा बाहेर आला, ओठावर हिरवी मिशी. "आई, आजचा रस संपला, संध्याकाळसाठी पानं काढायचीत."

फाडकन खिडकी उघडली. वर्तमानपत्र खाली पडलं. आत वहिनी, घामाने चिंब.

"म्हणजे मी इथे वाफेत शिजायचं आणि तुम्ही समोर बसून पपई पिणार?"

जाईबाईंनी सुनेकडे बघितलं, मग मुलाकडे, मग वर झाडाकडे.

"तोडू नका," त्या पुटपुटल्या.

"काय? ऐकू न्हाय आलं."

"तोडू नका म्हटलं ना! उद्याचा रिपोर्ट कमी आला तर कुठल्या झाडाकडे जाऊ?"

"आणि वारं?" मी विचारलं. माझी जीभच तशी आहे.

पीटर अंकलनी त्याचाही बंदोबस्त केला. कुठल्यातरी भाऊंच्या वाढदिवसाचा जुना बॅनर आणून खिडकी आणि झाडाच्या मधे बांधला. आता वहिनीला वारं बाजूने येतं, आणि भाऊ दिवसभर हात जोडून माझ्या पपईला नमस्कार करतात.

केरबादादाचे प्लेटलेट चढले. जाईबाई म्हणतात पानाने, डॉक्टर म्हणतो आरामाने आणि पाण्याने. मला वाटतं, आणखी रस प्यावा लागेल या भीतीनेच चढले.

परवा जाईबाई वर बघून पपया मोजत होत्या. फडका न बांधता.

"कच्च्या ठेव ग दोन-तीन. सून बाळंत झाली की भाजी घालायची. दूध उतरतं."

"पण उष्ण असते ना, मावशी?"

"तेव्हा चालते!"

इतक्यात मागच्या बिल्डिंगमधल्या दोन बायका पिशवी घेऊन आल्या, पानं हवी होती. एकीने हात वर केला, तशा जाईबाई कडाडल्या, "हात नाही लावायचा! सोनूचं झाड आहे. तिला विचारा आधी."

त्यांनी मला विचारलं. मी नाही म्हटलं. मग दिली.