कोरडा पंप

बारा मजल्यांच्या त्या इमारतीत नळाला पाणी आलं नाही की लोक मॅनेजरला नाही, प्रेशरकाकांना हाक मारत. तळघरातल्या पंपघरात त्यांची एकतीस वर्षं गेली होती. पाइपावर तळहात ठेवून आतला दाब सांगायचे आणि मीटरच्या काट्यावर बघितलं तर फरक फार तर एका रेघेचा. म्हणून हे नाव. त्याचा त्यांना एवढा तोरा, की स्वतःच्याच प्रेशरनं त्यांना एक दिवस तोंडावर पाडलं, ते बरंच झालं म्हणायचं.

साठी उलटली तसं मॅनेजरनं सांगितलं, "काका, डॉक्टरांचं फिटनेस सर्टिफिकेट आणा. नाहीतर पहिल्या तारखेला पंपघराच्या किल्ल्या माझ्याकडे द्या."

काकांना प्रश्न पडला. घरी बसून करायचं काय? घरातले नळ त्यांनी असे घट्ट बसवले होते की एकही गळत नव्हता.

दवाखान्यात सिस्टरनं दंडाला पट्टा बांधला. वरचा आकडा एकशे अडुसष्ट, खालचा शंभर. डॉक्टरांनी रोजची एक गोळी लिहून दिली. "पंधरा दिवसांनी या. आकडा खाली आला तर सही करीन."

काकांनी गोळी एकदाही चुकवली नाही. तेरा दिवस सगळं सुरळीत चाललं आणि चौदाव्या दिवशी त्यांचं डोकं चाललं. पाइपात पाणी जास्त असलं की दाब जास्त, कमी असलं की कमी. एकतीस वर्षांत यात कधी चूक झाली नव्हती. मग माणसाचं वेगळं काय असणार? डॉक्टरला शिकून जे सुचलं नाही ते आपल्याला न शिकता सुचलं, म्हणून ते दाढी करताना आरशातल्या स्वतःकडे बघून हसलेसुद्धा.

"अहो, पाणी न पिताच निघालात?" बायकोनं विचारलं.

"मेन व्हॉल्व्ह बंद केलाय."

"कुणाचा?"

"माझा. उद्यापर्यंत."

"मग आत हवा भरली असणार," ती म्हणाली. "डोक्यात तर भरलेली दिसतेच आहे."

पंपघरात दोन मोटारी दिवसभर तापलेल्या. काका घामानं निथळत होते आणि प्रत्येक थेंबागणिक खूश होत होते, दाब उतरतोय म्हणून. दुपारी जीभ जुन्या वॉशरसारखी कडक झाली. संध्याकाळी लघवी गंजक्या टाकीच्या तळासारखी तांबूस पिवळी झाली, तेव्हा त्यांना वाटलं, चला, लाइन रिकामी होत आली. दुसऱ्या दिवशी सकाळची गोळी त्यांनी कोरडीच गिळली. ती दवाखान्यापर्यंत घशातच होती.

बायको सोबत आली होती. सिस्टरनं हाक मारली तसे काका बाकावरून ताडकन उठले. फिट माणूस कसा उठतो ते सगळ्यांना दिसायला नको?

डोळ्यांपुढे काजवे चमकले, मग काजवेही विझले. हाताला लागलं ते वजनाचं मशीन, त्यालाच मिठी मारून काका खाली घसरले.

"काका, वजन नंतर करू," सिस्टर धावत येऊन म्हणाली. तिनं आणि बायकोनं मिळून त्यांना आडवं केलं, पाय उशीवर ठेवले. पट्टा परत दंडाला लागला. "डॉक्टर, शहाऐंशी!"

तो आकडा कानावर पडला आणि काकांनी मिटल्या डोळ्यांनीच विचारलं, "आला ना खाली? मग करा की सही."

"सही?" डॉक्टर म्हणाले. "या प्रेशरवर मी तुम्हाला एकट्यानं रस्ता ओलांडू देणार नाही. पाणी कधी प्यायलात?"

काकांनी मान भिंतीकडे वळवली. बायको गप्प बसणारी नव्हती. तिनं व्हॉल्व्हची सगळी हकीकत सांगितली. सिस्टर पाठ फिरवून कपाटात काहीतरी शोधू लागली. तिचे खांदे हलत होते.

डॉक्टर मात्र हसले नाहीत. "काका, शरीर म्हणजे लोखंडी पाइप नव्हे. पाणी कमी पडलं की रक्तही कमी पडतं. मग शरीर नळ्या आवळून धरतं, हृदय जोरात पळवतं. त्यानं एखाद्याचा आकडा उलट चढतोही. तुमची तर गोळी चालू, त्यात पाणी बंद. उभे राहिलात आणि रक्त डोक्यापर्यंत पोचलंच नाही."

"बाराव्या मजल्यापर्यंत," बायको म्हणाली. "आणि पंपघराच्या भिंतीवर काय लिहिलंय हो तुम्ही?"

काकांनी डोळे उघडलेच नाहीत. अक्षरओळख त्यांना पन्नाशीत झाली, तीही स्वयंपाकघरात, हिच्याकडूनच. पहिलं अख्खं वाक्य त्यांनी लाल रंगानं पंपघराच्या भिंतीवर लिहिलं होतं: पंप कोरडा चालवू नये. कोरडा चालला की पंप जळतो. हाताखाली आलेल्या प्रत्येकाला ते तिथं उभं करून मोठ्यानं वाचायला लावत.

"सिस्टर," ते हळूच म्हणाले, "एक ग्लास पाणी द्या. नाही, दोन."

"घोट घोट प्या. एकदम टाकी भरू नका," डॉक्टर म्हणाले. "आणि पाणी म्हणजे प्रेशरचं औषध नव्हे. गोळी चालूच ठेवा. चार दिवसांनी बघू."

चार दिवसांनी म्हणजे महिन्याच्या शेवटच्या तारखेला. काकांनी पंपघरात व्हॉल्व्हच्या चाकाला तारेनं बाटली टांगली आणि रोज रिकामी केली. दवाखान्यात हाक आली तेव्हा ते गंजलेला नट उघडावा तसे सावकाश उठले. बसून एकशे अडतीस, उभं राहून एकशे बत्तीस.

डॉक्टरांनी सही केली, पण सहाच महिन्यांची, आणि खाली एक ओळ लिहिली: गच्चीतल्या टाकीच्या शिडीवर चढू नये. काकांनी ती बोट ठेवून दोनदा वाचली. दुसऱ्यांदा वाचल्यावर काही वेगळं निघेल अशी आशा होती. नाही निघालं.

"शिडीचं बघू आपण," इमारतीत सर्टिफिकेट वाचून मॅनेजर म्हणाला. "किल्ल्या ठेवा तुमच्याकडेच."

दुपारी काकांनी लाल रंगाचा डबा काढला आणि त्या जुन्या वाक्याखाली एक शब्द लिहिला: काकांनाही. शेवटचं अक्षर ओघळलं. ते पुसायला फडकं शोधायला वळले, तर चाकाला टांगलेली बाटली सकाळी भरली होती तशीच काठोकाठ.

काकांनी दाराकडे बघितलं, कुणी पाहिलं तर नाही ना, आणि फडकं टाकून आधी बाटलीचं बूच उघडलं.