बाबाजी मास्तरांची वीस मिनिटं

मुळगावचे निवृत्त हेडमास्तर बाबाजी रोज संध्याकाळी सात वाजता बायकोचा मोबाईल कपाटात बंद करत. पद्मावतीबाई पाककृतींचे व्हिडिओ बघून डोळे बिघडवतात, हे कारण. स्वतःचा मोबाईल मात्र बाहेर. देशात काय चाललंय ते कोणीतरी बघायला हवं.

विद्यापीठाच्या मोबाईल-वापराच्या सर्वेक्षणासाठी सेजल आली, तेव्हा बायकोच्या देखत त्यांनी ठणकावून सांगितलं, "वीस मिनिटं. बातम्यांपुरती."

सेजलने लिहून घेतलं. "सर, मोबाईलवर काय आणि किती वेळ बघितलं, त्याची नोंदही अभ्यासाला दान कराल? नाव कुठे येत नाही."

दान म्हटल्यावर मागे हटणं मास्तरांच्या रक्तात नव्हतं. त्यांनी सही केली. नोंद रविवारी घ्यायची ठरली.

मधले सहा दिवस त्यांनी खरोखरच वीस मिनिटांत भागवलं. तिसऱ्या दिवशी पंचांगातल्या जाहिराती वाचून संपल्या. पाचव्या दिवशी ते तांबडी भाजी निवडायला बसले आणि बायकोला निवडायची पद्धत शिकवू लागले.

"अहो, ह्या दानापरीस उपास बरो," पद्मावतीबाई म्हणाल्या.

रविवारी सेजलने मास्तरांच्या मोबाईलमधली नोंदीची फाईल उघडली, तर नोंद तीन महिन्यांची निघाली. रोज चार तास, पाच तास, आणि शेवटचे सहा दिवस सोवळे. बातम्या होत्या, तोंडी लावण्यापुरत्या. बाकी सगळ्या धिरयो, बैलांच्या टकरी, एकेक तीनदा बघितलेली. चहा ठेवायला वाकलेल्या पद्मावतीबाई वाकलेल्याच राहिल्या.

"नको त्या ओळी पुसू शकता, सर. तुमचा हक्क आहे," सेजल म्हणाली. "फक्त किती पुसल्या, तो आकडा राहतो."

मास्तर पुसायला बसले. दोन तासांत एक महिनाही उरकेना.

"त्यापेक्षा ते वीस मिनिटांचं उत्तरच बदललं तर?"

"फॉर्म बंद झाला, सर. आणि राहू द्या ना. माणूस काय सांगतो नि मोबाईल काय सांगतो, हेच तर आम्ही ताडून बघतोय. एवढा फरक डिचोली तालुक्यात अजून कुणाचा मिळालेला नाही."

मास्तरांचं बोट थांबलं. "तालुक्यात पहिला?"

"आतापर्यंत तरी."

"पुसलेल्या ओळी परत आणता येतात?"

येत होत्या. मास्तरांनी ओळ न ओळ परत आणली आणि ताठ बसून दान पुरं केलं.

सेजल पद्मावतीबाईंकडे वळली. "बाई, तुम्ही किती वेळ बघता?"

"साताक कपाटात बंद जाता," कपाटाच्या चावीसाठी नवऱ्यापुढे हात करत त्या म्हणाल्या. "त्याच्याफुडचा उद्यापासून सांगतंय."