काय चुकलं ते लिहा

मी एक जुनी वही आहे, मित्रांनो. पण जुनी म्हणून माझी कीव करू नका. करायचीच तर माझ्यात लिहून गेले त्यांची करा.

ओसाकातल्या एका आठ खोल्यांच्या लॉजमध्ये, दारातल्या चपलांच्या कपाटावर मी राहते. मालक सेइकिचींनी मला जाड दोऱ्यानं शिवून घेतलं आणि पहिल्या पानावर कुंचल्यानं लिहिलं, 'काय चुकलं ते लिहा.' ते कोणी वाचलंच नाही. पाहुणे शनिवारी टोकियोहून यायचे, रविवारी परतायचे, आणि तेवढ्यात त्यांना अख्खं ओसाका कळायचं. 'किल्ला भव्य. माणसं मोठ्यानं बोलतात, पण मनानं चांगली.' शितावरून भाताची परीक्षा म्हणतात, यांनी तर शीतही चावलेलं नसे. एक महाशय पावसामुळे दोन दिवस खोलीतच झोपले आणि लिहून गेले, 'शहर जिवंत आहे.' मेलेलं असतं तर तुला कळलं असतं का रे बाबा?

पुढे सेइकिची वारले. सकाळचं मिसो सूप, म्हणजे आंबवलेल्या खारट सोयाबीनचं सार, त्यांची बायको, किनुयोबाई, करू लागल्या. थेट सेइकिचींच्याच हातची चव. पण एका हिवाळ्यात बाईंना ताप आला आणि तोंडाची चव गेली ती परतलीच नाही. कोणाला न सांगता त्या अंदाजानं सूप करत राहिल्या. रविवारी संध्याकाळी मला उघडायच्या. 'सूप अप्रतिम!' 'आईची आठवण आली!' वाचून त्यांचा जीव भांड्यात पडायचा. मात्र लिहिणारे पुन्हा फिरकत नव्हते. आठातल्या सहा खोल्या रिकाम्या राहू लागल्या. लॉज बंद करायचं बाईंनी जवळजवळ ठरवलंच होतं.

अशात तोरिगोए नावाची एक सुक्या मासळीची व्यापारीण दोन दिवस राहिली. ना किल्ला पाहिला, ना नदी. जाताना लिहिलं, 'सूप खारट आहे. दोन्ही दिवस.' उचलली जीभ लावली टाळ्याला! मला अस्सा संताप आला.

किनुयोबाईंनी ती ओळ तीनदा वाचली. मग मला काखोटीला मारून त्या शेजारच्या शिगेओ तोफूवाल्याकडे गेल्या. तो रोज सकाळी त्यांच्याकडेच सूप प्यायचा.

"भावजी, खरं सांगा. सूप खारट असतं?"

शिगेओ मान खाली घालून तोफू कापत राहिला. "असतं, वहिनी."

"कधीपासून?"

"दोन वर्षं झाली. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून..."

"म्हणून रोज प्यायलात?"

"आणि घरी जाऊन वर तांब्याभर पाणी प्यायलो."

बाई हसल्या, आणि हसता हसता तिथेच रडू लागल्या. मग चव गेल्याचं त्यांनी पहिल्यांदा कोणाला तरी सांगितलं.

आता आधी शिगेओ चाखतो, मगच सूप पाहुण्यांपुढे जातं. लॉज चालू आहे. सगळ्या खोल्या भरतात असं नाही, पण तोरिगोएबाई दर महिन्याला येते, दोन वाट्या सूप पिते आणि काही न लिहिता जाते.

मित्रांनो, वहीची पानं फाडू नका, हे तुम्हाला शाळेत सांगितलंच असेल. मी एवढंच सांगते, कोणाच्या घरी खारट खाल्लंत तर गोड लिहून पळू नका. माझ्या शेकडो पानांत खाल्ल्या मिठाला जागली ती एकटीच. आणि मी तिलाच उद्धट म्हणत होते.